व्हिडिओ गेटवेवरील संकेतन प्रोटोकॉल

व्हिडिओ गेटवे हे दोन भिन्न प्रकारच्या दूरसंचार जाळ्यांमध्ये व्हिडिओ कॉल जोडून देणारे उपकरण किंवा संगणक प्रणाली आहे. कॉल सुरू करणे, समोरच्या व्यक्तीला शोधणे, दोन्ही बाजूंच्या यंत्रांच्या क्षमता ठरवणे, कॉल चालू असताना त्यात बदल करणे आणि शेवटी तो बंद करणे या कामांसाठी होणाऱ्या संदेशांच्या देवाणघेवाणीस संकेतन किंवा सिग्नलिंग असे म्हणतात. या देवाणघेवाणीचे नियम म्हणजे संकेतन प्रोटोकॉल होत. एच.३२०, एच.३२३, एसआयपी आणि थ्रीजी-३२४एम हे व्हिडिओ कॉलसाठी वापरले गेलेले प्रमुख प्रोटोकॉल किंवा प्रोटोकॉलसमूह आहेत. गेटवेवर या प्रोटोकॉलची योग्य मांडणी केलेली नसल्यास कॉल लागत नाही, किंवा लागला तरी चित्र अथवा आवाज एकाच बाजूला पोहोचतो.

संकेतन आणि माध्यमप्रवाह

व्हिडिओ कॉलमध्ये दोन स्वतंत्र गोष्टी घडत असतात. पहिली म्हणजे संकेतन, आणि दुसरी म्हणजे प्रत्यक्ष आवाज व चित्र यांचा प्रवाह, म्हणजेच माध्यमप्रवाह. इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या बहुतेक प्रणालींत माध्यमप्रवाह आरटीपी या प्रोटोकॉलने वाहून नेला जातो. आरटीपीचे पहिले विनिर्देशन जानेवारी १९९६ मध्ये आरएफसी १८८९ या नावाने, तर सुधारित विनिर्देशन जुलै २००३ मध्ये आरएफसी ३५५० या नावाने प्रसिद्ध झाले. एच.३२३ आणि एसआयपी या दोन्हींमध्ये माध्यमप्रवाहासाठी आरटीपीच वापरला जातो. म्हणून दोन्ही बाजूंना एकच कोडेक उपलब्ध असेल, तर गेटवेला केवळ संकेतनाचे भाषांतर करावे लागते आणि चित्र पुन्हा संकेतबद्ध करण्याची गरज पडत नाही. कोडेक वेगळे असतील तर मात्र गेटवेला चित्र उलगडून दुसऱ्या कोडेकमध्ये पुन्हा बांधावे लागते. या प्रक्रियेला ट्रान्सकोडिंग म्हणतात. तिच्यात प्रक्रियाशक्ती खर्च होते, विलंब वाढतो आणि चित्राचा दर्जा काहीसा घटतो.

आयएसडीएनसारख्या परिपथ-स्विचिंग जाळ्यांत परिस्थिती वेगळी असते. तेथे आवाज, चित्र आणि काही नियंत्रण संदेश एकाच प्रवाहात गुंफलेले असतात. अशा वेळी गेटवेला तो प्रवाह सुटा करून त्याची स्वतंत्र आरटीपी पॅकेटे बनवावी लागतात.

इतिहास

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने, म्हणजेच आयटीयूने, १९९० मध्ये एच.३२० ही शिफारस संमत केली. ती आयएसडीएन जाळ्यावरील व्हिडिओ कॉलसाठी होती. चित्रासाठी एच.२६१ हा कोडेक आणि आवाजासाठी जी.७११, जी.७२२, जी.७२८ हे कोडेक त्यात वापरले जात. आयएसडीएनमधील प्रत्येक बी वाहिनीची क्षमता ६४ किलोबिट प्रतिसेकंद असल्याने चांगल्या चित्रासाठी अनेक वाहिन्या एकत्र जोडाव्या लागत. सहा वाहिन्या जोडून मिळणारा ३८४ किलोबिट प्रतिसेकंद हा वेग सभागृहांतील व्हिडिओ परिषदांसाठी प्रचलित झाला.

नोव्हेंबर १९९६ मध्ये एच.३२३ ही शिफारस संमत झाली. ती पॅकेट जाळ्यांसाठी होती आणि तिच्या पहिल्या आवृत्तीत स्थानिक जाळ्यांवर भर होता. एच.३२० वापरणारी यंत्रे आधीच मोठ्या प्रमाणावर बसवलेली असल्याने दोहोंना जोडणाऱ्या गेटवेची व्याख्या एच.३२३ मध्ये सुरुवातीपासूनच करण्यात आली.

याच सुमारास इंटरनेट अभियांत्रिकी कृतिदलात, म्हणजेच आयईटीएफमध्ये, एसआयपी हा प्रोटोकॉल आकार घेत होता. मार्क हँडली, हेनिंग शुल्झरिन, ईव्ह स्कूलर आणि जोनाथन रोझेनबर्ग हे त्याच्या पहिल्या विनिर्देशनाचे लेखक होते. हे विनिर्देशन मार्च १९९९ मध्ये आरएफसी २५४३ म्हणून प्रसिद्ध झाले. जून २००२ मध्ये आरएफसी ३२६१ ने त्याची जागा घेतली.

तिसऱ्या पिढीच्या मोबाइल जाळ्यांत थ्रीजी-३२४एम हा प्रोटोकॉलसमूह आला. त्यात ६४ किलोबिट प्रतिसेकंद क्षमतेच्या परिपथावरून व्हिडिओ कॉल केला जाई. जपानमधील एनटीटी डोकोमो या कंपनीने ऑक्टोबर २००१ मध्ये फोमा ही थ्रीजी सेवा सुरू केली व तीत व्हिडिओ कॉलची सोय दिली. भारतात एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणि त्यानंतर मुंबईत थ्रीजी सेवा सुरू केली. मोबाइलवरून संगणकावर किंवा सभागृहातील यंत्रावर व्हिडिओ कॉल करायचा असल्यास मध्ये गेटवे असणे अनिवार्य होते. चौथ्या पिढीच्या जाळ्यांत व्हिडिओ कॉल आयएमएस प्रणालीतून एसआयपीच्या आधारे होऊ लागले.

२०११ मध्ये गूगलने वेबआरटीसी हा प्रकल्प मुक्तस्रोत केला. त्यामुळे वेगळे सॉफ्टवेअर न बसवता ब्राउझरमधून व्हिडिओ कॉल करणे शक्य झाले. जानेवारी २०२१ मध्ये डब्ल्यू३सी या संस्थेने वेबआरटीसीला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला.

प्रमुख प्रोटोकॉल

एच.३२३

एच.३२३ हा एकच प्रोटोकॉल नसून अनेक शिफारशींना एकत्र बांधणारी छत्रशिफारस आहे. तीत टर्मिनल, गेटवे, गेटकीपर आणि अनेक पक्षांच्या परिषदेसाठी लागणारा एमसीयू असे चार घटक सांगितलेले आहेत. संकेतनाचे काम तीन भागांत विभागलेले आहे.

* आरएएस : टर्मिनल किंवा गेटवे आणि गेटकीपर यांच्यातील नोंदणी, परवानगी व स्थितीविषयक संदेश. हे संदेश यूडीपीच्या १७१९ क्रमांकाच्या पोर्टवर जातात. गेटकीपर शोधण्यासाठीचे बहुप्रसारित संदेश १७१८ या पोर्टवर पाठवले जातात.
* एच.२२५.० कॉल संकेतन : कॉल जोडणे व तोडणे. याचे संदेश आयएसडीएनमधील क्यू.९३१ वर आधारलेले असून ते टीसीपीच्या १७२० या पोर्टवर जातात.
* एच.२४५ : क्षमतांची देवाणघेवाण, प्रमुख व दुय्यम पक्ष ठरवणे आणि माध्यमांसाठी तर्कवाहिन्या उघडणे. याचे पोर्ट कॉल सुरू असताना ठरते.

१९९८ मधील दुसऱ्या आवृत्तीत ‘फास्ट कनेक्ट’ ही पद्धत आणि एच.२४५ चे संदेश एच.२२५.० च्या जोडणीतूनच पाठवण्याची सोय आली. एच.३२३ चे संदेश एएसएन.१ या पद्धतीने द्विमान स्वरूपात बांधले जातात. त्यामुळे ते आकाराने लहान असतात, परंतु विश्लेषक सॉफ्टवेअरशिवाय वाचता येत नाहीत.

एसआयपी

एसआयपीचे संदेश साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात आणि त्यांची रचना एचटीटीपीशी मिळतीजुळती आहे. ‘इन्व्हाइट’ या विनंतीने कॉल सुरू होतो, ‘ॲक’ने त्याची पोच दिली जाते आणि ‘बाय’ने तो संपतो. ‘रजिस्टर’ ही विनंती वापरकर्ता सध्या कोणत्या पत्त्यावर उपलब्ध आहे हे नोंदवते. उत्तरे तीन अंकी असतात : १८० म्हणजे समोर घंटी वाजत आहे, २०० म्हणजे विनंती मान्य, ४०४ म्हणजे वापरकर्ता सापडला नाही, ४८६ म्हणजे समोरचा व्यस्त आहे आणि ४८८ म्हणजे प्रस्तावित माध्यम स्वीकारता येत नाही. एसआयपीचे ठरलेले पोर्ट ५०६० असून टीएलएसने सुरक्षित केलेल्या जोडणीसाठी ५०६१ हे पोर्ट वापरले जाते.

माध्यमांचे वर्णन एसआयपी स्वतः करत नाही. ते एसडीपी या स्वरूपात संदेशाच्या अंतर्भागात दिले जाते. एका पक्षाने प्रस्ताव द्यायचा आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचे ही पद्धत आरएफसी ३२६४ मध्ये निश्चित केली आहे.

एच.३२० आणि आयएसडीएन

आयएसडीएनमध्ये संकेतन डी वाहिनीवरून क्यू.९३१ नुसार होते. युरोप व भारतातील प्रायमरी रेट जोडणीत ३० बी वाहिन्या व एक डी वाहिनी असते, तर उत्तर अमेरिका व जपानमध्ये २३ बी वाहिन्या व एक डी वाहिनी असते. ३८४ किलोबिट प्रतिसेकंदाच्या एका कॉलला सहा बी वाहिन्या लागत असल्याने ३० वाहिन्यांच्या एका जोडणीवर एका वेळी असे पाचच कॉल होऊ शकतात. गेटवेची क्षमता ठरवताना हा हिशेब आधी करावा लागतो.

वेबआरटीसी

वेबआरटीसीमध्ये माध्यमप्रवाहाचे नियम काटेकोर आहेत, परंतु संकेतनाचा प्रोटोकॉल मुद्दाम मोकळा सोडलेला आहे. प्रत्येक सेवा आपापली पद्धत वापरू शकते. एसआयपीचे संदेश वेबसॉकेटवरून पाठवण्याची पद्धत जानेवारी २०१४ मध्ये आरएफसी ७११८ ने सांगितली. वेबआरटीसी आणि जुनी एसआयपी यंत्रे यांना जोडणाऱ्या गेटवेला संकेतनाबरोबरच कूटबद्धीकरणाचेही रूपांतर करावे लागते, कारण वेबआरटीसीत माध्यमप्रवाह कूटबद्ध असणे सक्तीचे आहे.

गेटवेमधील संदेशांचे रूपांतर

सभागृहातील एच.३२३ टर्मिनलवरून एसआयपी वापरकर्त्याला कॉल केला असता पुढील क्रम घडतो.

१. टर्मिनल आपल्या गेटकीपरकडे कॉलची परवानगी मागते. गेटकीपर क्रमांक पाहून गेटवेचा पत्ता कळवतो.

२. टर्मिनल गेटवेला ‘सेटअप’ संदेश पाठवते. गेटवे ‘कॉल प्रोसीडिंग’ने उत्तर देतो आणि एसआयपी बाजूला ‘इन्व्हाइट’ पाठवतो.

३. एसआयपी बाजूने १८० हे उत्तर आले की गेटवे टर्मिनलला ‘अलर्टिंग’ कळवतो.

४. समोरच्याने कॉल घेतल्यावर २०० हे उत्तर येते व गेटवे टर्मिनलला ‘कनेक्ट’ पाठवतो.

५. एच.२४५ द्वारे क्षमता कळवल्या जातात, प्रमुख पक्ष ठरतो व तर्कवाहिन्या उघडल्या जातात.

६. गेटवे ‘ॲक’ पाठवून एसआयपी बाजूची जोडणी पूर्ण करतो आणि माध्यमप्रवाह सुरू होतो.

या क्रमात एक महत्त्वाची अडचण आहे. टर्मिनलने फास्ट कनेक्ट वापरले नसेल, तर ‘सेटअप’ येतो तेव्हा त्याच्या क्षमता गेटवेला ठाऊक नसतात. अशा वेळी गेटवे दोन मार्गांपैकी एक निवडतो. पहिल्या मार्गात तो एसडीपीविना ‘इन्व्हाइट’ पाठवतो. मग २०० या उत्तरात समोरून प्रस्ताव येतो आणि त्याचे उत्तर ‘ॲक’मध्ये द्यावे लागते. ‘ॲक’ येईपर्यंत समोरचे यंत्र २०० हे उत्तर पुन्हा पुन्हा पाठवत राहते. प्रमाणित वेळमर्यादेनुसार ३२ सेकंदांत ‘ॲक’ न आल्यास ते कॉल तोडू शकते. म्हणजेच एच.२४५ ची सारी देवाणघेवाण त्या अवधीत पूर्ण व्हावी लागते. दुसऱ्या मार्गात गेटवे स्वतःच्या क्षमतांच्या आधारे प्रस्ताव पाठवतो. यामुळे कॉल लवकर जुळतो, मात्र टर्मिनलच्या खऱ्या क्षमता वेगळ्या निघाल्यास पुन्हा ‘इन्व्हाइट’ पाठवून प्रस्ताव बदलावा लागतो.

दोन्ही प्रोटोकॉलच्या मूळ कल्पनांमध्येही फरक आहे. एच.२४५ मधील आरटीपीच्या तर्कवाहिन्या एकदिश असून प्रत्येक दिशेची वाहिनी स्वतंत्रपणे उघडली जाते. एसडीपीत मात्र एकाच ओळीत बहुधा दोन्ही दिशांचे माध्यम सांगितले जाते. कॉल थांबवून ठेवण्यासाठी एच.३२३ मध्ये रिकामा क्षमतासंच पाठवला जातो, तर एसआयपीत नव्या ‘इन्व्हाइट’मध्ये माध्यमाची दिशा बदलली जाते. गेटवेला या दोन कृतींची सांगड घालावी लागते. अशा आंतरजोडणीच्या अपेक्षा जुलै २००५ मधील आरएफसी ४१२३ मध्ये एकत्र मांडलेल्या आहेत.

आयएसडीएन बाजूला कॉल अयशस्वी होण्याची कारणे क्यू.८५० मधील कारणक्रमांकांनी कळवली जातात. आरएफसी ३३९८ मध्ये दिलेल्या सारणीतील काही जोड्या अशा :

* कारण १ (क्रमांक अस्तित्वात नाही) : ४०४
* कारण १७ (व्यस्त) : ४८६
* कारण १८ (वापरकर्त्याचा प्रतिसाद नाही) : ४०८
* कारण २१ (कॉल नाकारला) : ४०३
* कारण ३४ (मोकळी वाहिनी नाही) : ५०३

ही सारणी दोन्ही दिशांनी सारखी नाही. कारण १८ चे रूपांतर ४०८ होते, परंतु उलट दिशेने ४०८ चे रूपांतर कारण १०२ असे होते. त्यामुळे एकापाठोपाठ दोन गेटवे ओलांडणाऱ्या कॉलमध्ये मूळ कारण हरवू शकते. हे टाळण्यासाठी आरएफसी ३३२६ मध्ये सांगितलेल्या ‘रीझन’ या शीर्षक-ओळीत मूळ कारणक्रमांक जसाच्या तसा पुढे पाठवता येतो.

संरचना

गेटवेवर संकेतन प्रोटोकॉल कार्यान्वित करताना पुढील बाबी निश्चित कराव्या लागतात.

नोंदणी आणि क्रमांक योजना

एच.३२३ बाजूला गेटवे गेटकीपरकडे नोंदवला जातो आणि कोणत्या उपसर्गाचे क्रमांक त्याच्याकडे पाठवावेत हे सांगितले जाते. एसआयपी बाजूला तो नोंदणीकृत वापरकर्ता म्हणून किंवा दोन सर्व्हरमधील कायमच्या जोडणीच्या, म्हणजे ट्रंकच्या, स्वरूपात जोडला जातो. एच.३२३ मध्ये ई.१६४ क्रमांक आणि नावे दोन्ही चालतात, तर एसआयपीत पत्ता ई-मेलसारखा असतो. म्हणून क्रमांकावरून पत्ता आणि पत्त्यावरून क्रमांक बनवण्याचे नियम लिहावे लागतात. देशाचा संकेतांक व बाह्य कॉलसाठीचा उपसर्ग कोठे जोडायचा आणि कोठे गाळायचा हे या नियमांत स्पष्ट असावे लागते. नियम चुकल्यास एकच कॉल दोन गेटवेंमध्ये परत परत फिरत राहतो. एसआयपीतील ‘मॅक्स-फॉरवर्ड्स’ ही संख्या अशा फेऱ्यांना मर्यादा घालते, परंतु गेटवे नवा कॉल सुरू करत असल्यास ती संख्या पुढे नेली जाणे आवश्यक असते.

वाहतूक प्रोटोकॉल

एसआयपी संदेश यूडीपी, टीसीपी किंवा टीएलएसवरून पाठवता येतात. आवाजी कॉलचे संदेश लहान असल्याने यूडीपी पुरेसा ठरतो. व्हिडिओ कॉलच्या एसडीपीत मात्र अनेक कोडेक, त्यांचे तपशील आणि सादरीकरणासाठीचा दुसरा व्हिडिओ यांचा समावेश असल्याने संदेश मोठा होतो. मार्गाची पॅकेट मर्यादा ठाऊक नसेल आणि विनंती १३०० बाइटपेक्षा मोठी असेल, तर ती टीसीपीसारख्या गर्दी-नियंत्रित वाहतुकीने पाठवावी असा आरएफसी ३२६१ चा नियम आहे. मोठे यूडीपी संदेश तुकड्यांत विभागले जातात आणि अनेक फायरवॉल असे तुकडे टाकून देतात. आवाजी कॉल लागतात पण व्हिडिओ कॉल लागत नाहीत, या तक्रारीचे हे एक सामान्य कारण आहे.

कोडेक आणि त्यांचे गुणधर्म

कोडेकचे नाव जुळणे पुरेसे नसते. एच.२६४ मध्ये प्रोफाइल व स्तर जुळावे लागतात, तसेच पॅकेट बांधण्याची पद्धतही जुळावी लागते. एसडीपीत हे गुणधर्म आरएफसी ६१८४ नुसार लिहिले जातात, तर एच.३२३ व एच.३२० मध्ये ते एच.२४१ नुसार कळवले जातात. गेटवेने एका भाषेतील वर्णन दुसऱ्या भाषेत नेताना स्तर चढवून सांगितला, तर समोरचे यंत्र न पेलणारे चित्र मागवते. उतरवून सांगितला, तर क्षमता असूनही चित्र लहान येते.

बँडविड्थ

बँडविड्थची मोजणी दोन्ही प्रोटोकॉलमध्ये वेगळी आहे. एच.३२३ मधील परवानगीच्या संदेशात ती दोन्ही दिशांची बेरीज म्हणून आणि १०० बिट प्रतिसेकंद या एककात सांगितली जाते. त्यामुळे ३८४ किलोबिट प्रतिसेकंदाच्या कॉलसाठी ७६८० ही संख्या लिहावी लागते. एसडीपीतील ‘एएस’ या ओळीत ती किलोबिट प्रतिसेकंदात असून तिच्यात आयपी व यूडीपीच्या शीर्षभागांचाही समावेश असतो. हा फरक लक्षात न घेता मर्यादा ठरवल्यास गेटकीपर अपेक्षेच्या निम्मेच कॉल मान्य करतो किंवा चित्राचा वेग विनाकारण कमी होतो.

पोर्ट, फायरवॉल आणि पत्तारूपांतरण

आरटीपीसाठी यूडीपी पोर्टांचा एक पट्टा राखून ठेवला जातो. प्रचलित पद्धतीनुसार आरटीपीला सम क्रमांकाचे आणि त्याच्या नियंत्रक आरटीसीपीला लगतचे विषम क्रमांकाचे पोर्ट मिळते. म्हणजे आवाज व चित्र असलेल्या एका कॉलला प्रत्येक बाजूस किमान चार पोर्ट लागतात. सादरीकरणाचा दुसरा व्हिडिओ असल्यास ही संख्या सहा होते.

खासगी पत्ते वापरणाऱ्या जाळ्यात एसडीपी किंवा एच.२४५ च्या संदेशांत खासगी पत्ताच लिहिला जातो. बाहेरील यंत्र त्या पत्त्यावर चित्र पाठवू शकत नाही. कॉल लागूनही एका बाजूला चित्र व आवाज न येण्याचे हे प्रमुख कारण होय. एसआयपी व वेबआरटीसीत यावर स्टन, टर्न आणि आइस ही तंत्रे वापरली जातात. एच.३२३ साठी एच.४६०.१८ आणि एच.४६०.१९ या शिफारशी आहेत. काही राउटर एसआयपी संदेशांतील पत्ते स्वतःहून बदलतात. गेटवेही तेच काम करत असल्यास दोन बदलांमुळे संदेश बिघडतो. म्हणून अशा वेळी राउटरमधील ही सोय बंद ठेवली जाते.

कळफलकाचे संकेत

परिषदेचा सांकेतिक क्रमांक टाइप करताना कळफलकाचे संकेत समोर पोहोचणे आवश्यक असते. एच.३२३ मध्ये ते एच.२४५ च्या संदेशांतून, तर एसआयपी बाजूला बहुधा आरएफसी ४७३३ नुसार आरटीपीतून किंवा ‘इन्फो’ संदेशातून जातात. दोन पद्धती एकाच वेळी चालू ठेवल्यास एक अंक दोनदा नोंदला जाऊ शकतो.

पूर्ण चित्रचौकटीची मागणी

व्हिडिओ कोडेक प्रत्येक वेळी संपूर्ण चित्र न पाठवता मुख्यतः आधीच्या चित्रातील बदल पाठवतात. एखादे पॅकेट हरवले किंवा परिषदेत नवा सदस्य आला, तर संपूर्ण चित्रचौकट नव्याने मागावी लागते. ही मागणी एच.२४५ मध्ये स्वतंत्र आज्ञेने होते. एसआयपी बाजूला ती आरएफसी ५१६८ नुसार ‘इन्फो’ संदेशातून किंवा आरटीसीपीच्या प्रतिसाद संदेशांतून होते. गेटवेने या मागणीचे रूपांतर केले नाही, तर चित्र गोठलेले किंवा विस्कटलेले राहते, आवाज मात्र स्पष्ट येत असतो.

सादरीकरण

वक्त्याच्या चित्राबरोबर संगणकावरील सादरीकरण दाखवण्यासाठी एच.३२३ मध्ये एच.२३९ वापरले जाते. एसआयपीत त्यासाठी दुसरी व्हिडिओ ओळ आणि कोणाला दाखवण्याचा अधिकार आहे हे ठरवणारा बीएफसीपी हा प्रोटोकॉल वापरतात. गेटवेवर दोहोंची जोडणी केलेली नसल्यास सादरीकरण दिसत नाही किंवा ते मुख्य चित्राच्या जागी दिसते.

सुरक्षा

इंटरनेटवर उघडे असलेले ५०६० आणि १७२० हे पोर्ट स्वयंचलित शोधयंत्रांना सहज सापडतात. गेटवे टेलिफोन जाळ्याला जोडलेला असल्यास त्यातून परदेशी क्रमांकांवर चोरून कॉल लावले जातात आणि त्यांचे देयक गेटवेच्या मालकास भरावे लागते. हा धोका टाळण्यासाठी केवळ ठराविक पत्त्यांवरून येणारे कॉल स्वीकारणे, प्रत्येक बाह्य कॉलसाठी ओळख पडताळणे, अनोळखी बाजूने आलेला कॉल टेलिफोन जाळ्याकडे जाऊ न देणे आणि आंतरराष्ट्रीय उपसर्ग गरजेपुरतेच उघडे ठेवणे हे उपाय योजले जातात.

माध्यमप्रवाहाच्या गोपनीयतेसाठी मार्च २००४ मध्ये आरएफसी ३७११ म्हणून प्रसिद्ध झालेला एसआरटीपी वापरला जातो. त्याच्या किल्ल्या एसडीपीतून पाठवण्याची पद्धत आरएफसी ४५६८ मध्ये आहे. या पद्धतीत किल्ली संदेशातच लिहिलेली असल्याने संकेतनासाठी टीएलएस वापरले नाही, तर कूटबद्धीकरण निरर्थक ठरते. एच.३२३ साठी सुरक्षेचे नियम एच.२३५ या शिफारशींच्या मालिकेत आहेत.

दोन बाजूंच्या किल्ल्यांची पद्धत भिन्न असल्यास गेटवेला प्रवाह उलगडून पुन्हा कूटबद्ध करावा लागतो. म्हणजे गेटवेच्या आत चित्र व आवाज उघड्या स्वरूपात असतात. अशा कॉलला टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध म्हणता येत नाही. एका बाजूला कूटबद्धीकरण नसताना दुसऱ्या बाजूच्या पडद्यावर मात्र सुरक्षिततेचे चिन्ह दिसू शकते. म्हणून संवेदनशील वापरात एक बाजू असुरक्षित असल्यास कॉल नाकारावा की जोडावा, हा निर्णय गेटवेच्या संरचनेत स्पष्टपणे नोंदवला जातो.

दोषनिदान

गेटवेवरील दोष शोधताना संकेतन आणि माध्यमप्रवाह यांचा स्वतंत्र विचार केला जातो. घंटीच वाजत नसेल तर क्रमांक योजना, नोंदणी किंवा फायरवॉल यांत दोष असतो. घंटी वाजते पण कॉल घेताच तुटतो, अशा वेळी बहुधा कोडेक जुळलेले नसतात. कॉल लागून सुमारे ३२ सेकंदांनी तुटत असेल, तर ‘ॲक’ योग्य ठिकाणी पोहोचत नसल्याची शक्यता मोठी असते. ठराविक काळाने, उदाहरणार्थ अर्ध्या तासाने, कॉल तुटत असेल, तर आरएफसी ४०२८ मधील सत्रकालमापक तपासले जातात. त्यांत शिफारस केलेला अवधी १८०० सेकंदांचा आहे. दोन्ही बाजूंच्या नोंदी एकाच घड्याळाशी जुळलेल्या असल्या तरच संदेशांचा क्रम लावता येतो. त्यामुळे गेटवेवर एनटीपीद्वारे वेळ जुळवून ठेवली जाते.

सामाजिक महत्त्व

कर्णबधिर व्यक्तींसाठी व्हिडिओ कॉल हा आवाजी कॉलला दिलेली जोड नसून प्रत्यक्ष संभाषणाचे साधन आहे. अमेरिकेत सांकेतिक भाषेच्या दुभाष्यामार्फत चालणाऱ्या व्हिडिओ रिले सेवेच्या वापरकर्त्यांना २००८ च्या अखेरीपासून नेहमीचे दहा अंकी दूरध्वनी क्रमांक मिळू लागले. त्यासाठी क्रमांकावरून व्हिडिओ यंत्राचा पत्ता शोधणारी सामायिक व्यवस्था उभारावी लागली. अशा सेवेत आवाज पोहोचला पण चित्र गोठले, तर कॉल पूर्णपणे निष्फळ ठरतो. म्हणून चित्र उपलब्ध नसल्यास केवळ आवाजावर कॉल जोडण्याची गेटवेची सर्वसाधारण पद्धत येथे अयोग्य ठरते.

न्यायदानातही व्हिडिओ कॉलला स्थान आहे. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल बी. देसाई’ या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये फौजदारी खटल्यातील साक्ष व्हिडिओ परिषदेद्वारे नोंदवता येते असा निर्णय दिला. परदेशातील साक्षीदाराची साक्ष नोंदवण्याचा प्रश्न त्यात होता. अशा प्रसंगी साक्षीदार आणि न्यायालय यांची यंत्रे वेगवेगळ्या प्रोटोकॉलवर चालणारी असू शकतात. कॉल कोणत्या पत्त्यावरून आला, केव्हा जोडला गेला आणि मध्येच खंडित झाला का, याची गेटवेमधील नोंदही तेव्हा महत्त्वाची ठरते.

सद्यःस्थिती

अनेक देशांनी आयएसडीएन जाळी बंद केली आहेत किंवा बंद करत आणली आहेत. त्यामुळे एच.३२० गेटवेचा वापर कमी झाला आहे. थ्रीजी जाळी बंद होत असल्याने थ्रीजी-३२४एमचीही तीच स्थिती आहे. एच.३२३ वापरणारी सभागृहांतील यंत्रे अजून काही संस्थांत चालू आहेत, मात्र नव्या यंत्रणांमध्ये एसआयपी आणि वेबआरटीसी यांचे प्राबल्य आहे. मोठ्या मेघाधारित बैठक सेवा आपापसांत जोडलेल्या नसतात आणि त्यांचे अंतर्गत संकेतन खासगी असते. जुन्या यंत्रांना या सेवांशी जोडण्यासाठी एसआयपी व एच.३२३ समजणारे गेटवे वापरले जातात. जाळ्यांचे प्रकार बदलले असले तरी वेगवेगळ्या प्रोटोकॉलवरील यंत्रांमध्ये भाषांतर करण्याची गरज त्यामुळे कायम राहिली आहे.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये ॲस्टेरिस्क, फ्रीस्विच आणि कॅमाइलिओ यांचा एसआयपीसाठी, तर ग्नू गेटकीपरचा एच.३२३ साठी वापर होतो. विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत गेटवेची रचना अभ्यासण्यासाठीही ही सॉफ्टवेअरे उपयोगी पडतात.

हे सुद्धा पहा

* एसआयपी
* एच.३२३
* आयएसडीएन
* वेबआरटीसी
* आरटीपी
* एच.२६४
* व्हिडिओ परिषद